पाचव्या भागात वामन नाही

वामननं दिवा मालवला, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि शलाका राजवाडेच्या मनात आलं, की गच्चीवरची टाकी धुवायला माणूस बोलवायला हवा.

वामन चित्रातला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक काय वाटेल ते समजतात. शलाका बसली होती मिरजेच्या गुणदोष परीक्षण केंद्रात, दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या कक्षात, भर सकाळी, बोटात एक पातळ अंगठी घालून आणि शेजारी गार झालेला चहा ठेवून. समोरच्या पडद्यावर 'भाड्याची खोली' नावाची भागशः चित्रकादंबरी चालू होती, भाग चौथा. चित्रकादंबरी म्हणजे वाचायची, बघायची आणि खेळायची गोष्ट. चित्रं दिसतात, माणसं बोलतात, आणि मधूनच गोष्ट थांबून तुम्हालाच विचारते: आता काय करायचं? तुम्ही सांगाल त्या फाट्यानं ती पुढे जाते. ही होती प्रौढांसाठीची. म्हणजे इतर गोष्टी जिथे दिवा मालवून सभ्यपणे गप्प बसतात, तिथे ही दिवा मालवल्यावरही चालूच राहते.

असले खेळ बाजारात यायच्या आधी कुणीतरी ते शेवटपर्यंत खेळून त्यांचे गुण आणि दोष सांगायचे, असा कायदा झाला होता, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे शलाका. सासरच्यांना तिनं 'तपासणी खात्यात आहे' एवढंच सांगून ठेवलं होतं. कशाची तपासणी, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही आपणहून तोंड उघडलं नाही. केंद्राची एक रीत होती. अहवाल नुसता पाठवून मोकळं व्हायचं नाही. खेळ करणाऱ्याला समोर बसवायचं आणि तोंडावर सांगायचं, आधी दोष, मग गुण. गुण आधी सांगितले की माणूस पुढचं ऐकतच नाही, असं केंद्रप्रमुख नसरीन मुजावर यांचं ठाम मत होतं.

या कामात शलाकाचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारण काय, तर तिला कशाचं काही वाटत नसे. सुरुवातीला वाटायचं हो! एका खेळातली मुलगी विहिरीत पडली तेव्हा हिला जेवण गेलं नव्हतं. पण वर्षानुवर्षं रोज सकाळी कुणाच्या तरी प्रेमात पडायचं, दुपारी त्याच्याशी भांडायचं आणि संध्याकाळी डबा घेऊन घरी जायचं, म्हटल्यावर मनाला घट्टे पडणारच. आता पडद्यावर माणसं मरत, भांडत, एकमेकांच्या कुशीत शिरत, आणि शलाका टाकीचा विचार करी. यात तिला स्वतःला काही गैर वाटत नव्हतं. पण गेल्या आठवड्यापासून तिला त्याची भीती वाटायला लागली होती.

झालं असं. तिचा नवरा देवदत्त भूकंपमापक यंत्रं दुरुस्त करायचा. त्याला अंदमानातल्या केंद्रावरून बोलावणं आलं, तीन वर्षांसाठी, आणि तिथे बायकोला घेऊन राहायची सोय नव्हती. जेवताना त्यानं विचारलं, "जाऊ का?" आणि शलाका आमटी वाढता वाढता म्हणाली, "जा की." त्याचा घास तोंडापर्यंत पोचायच्या आत. तो बरं म्हणाला आणि जेवत राहिला. मग दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिच्या ध्यानात आलं, की तीन वर्षं नवरा घरात नसणार हे ऐकून आपल्याला काही म्हणता काही झालेलं नाही. देवदत्तनं शुक्रवारी कळवायचं होतं. आपण 'जा' म्हणालो ते त्याचं भलं व्हावं म्हणून, की आपल्या मनात त्याच्यासाठी काही शिल्लकच नाही म्हणून? हे तिला सांगता येईना. आणि हे असलं कुणाला विचारणार? विचारायची सोय एकट्या देवदत्तपाशी होती, आणि त्यालाच विचारता येत नव्हतं.

दुपारी खेळाचा कर्ता आला. बाहुबली चौगुले, तासगावकडचा, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. दहा जणांना घेऊन त्यानं सांगलीत चित्रकादंबऱ्यांचं दुकान थाटलं होतं.

"काय मॅडम, कसा वाटला चौथा?"

"वाटण्याचं शुक्रवारी सांगेन. आत्ता मला एवढंच सांगा, की उद्या सकाळी पाचवा भाग देतो म्हणता. बाकीचे लोक एका भागाला सहा-सहा महिने लावतात. तुमच्याकडे लिहितं कोण?"

"लिहीत न्हाई कोण. उगवतो तो." बाहुबली खुर्ची ओढून बसला. "तुम्हाला तर सगळंच ठाऊक हाय. भागाभागानं येणाऱ्या खेळाचं मोठं दुखणं कुठलं? फाट्यांचं. एका फाट्याच्या दोन वाटा, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पाचव्या भागापर्यंत चित्रं काढणारा मरतोय. मग लोक लबाडी करत्यात. फाटा दाखवायचा, आणि दोन्ही वाटा पुढं गुपचूप एकाच चौकात आणून सोडायच्या."

"आणि खेळणाऱ्याला वाटतं, मी निवडलं."

"अगदी बरोबर! आम्ही ती लबाडी करत न्हाई. आम्ही छाटणी करतो. द्राक्षाच्या वेलाला सगळ्या काड्या ठेवल्या, तर वेल दमतो, घड धरत न्हाई. जिथं जोर हाय तो फुटीचा डोळा ठेवायचा, बाकी कापून टाकायचं. तसंच इथं. तुमचा जिथं जोर हाय तेवढ्याच वाटा ठेवायच्या आणि सगळी ताकद त्यांना द्यायची. पाचवा भाग तुमचा वेगळा, माझा वेगळा, मुजावर मॅडमचा वेगळा."

"माझा जोर कुठे आहे हे तुम्हाला कसं कळणार?"

बाहुबलीनं तिच्या अंगठीकडे बोट केलं. "थबकमापक. पडद्यावर प्रश्न आला आणि तुम्ही उत्तर दाबलंत, ह्याच्या मधली जी जागा हाय, तेवढीच तो मोजतो. श्वास अडखळला का, बोट थरथरलं का, आणि डोळ्याची बाहुली मोठी झाली का, हे पडद्यावरनं. चहा प्यायला उठलात तर ते धरत न्हाई, नजर प्रश्नावरच पाहिजे. माणूस थबकला, म्हणजे तिथं त्याचा जीव अडकलाय. थबकला न्हाई, म्हणजे तिथं त्याचं काय न्हाई. मग ती काडी कापायची."

"मी निवडलं काय, हे बघतच नाही तो?"

"निवडतंय तर कोण बी, मॅडम. लोक चांगलं दिसावं म्हणून निवडत्यात, सवयीनं निवडत्यात. थबक खोटी काढता येत न्हाई."

युक्ती हुशारीची होती, हे शलाकालाही मान्य करावं लागलं. खेळही वाईट नव्हता. समुद्राकाठच्या गावात एक बाई खोली भाड्यानं घेऊन राहायला येते, आणि तिथल्या माणसांशी तिचं काय काय जमतं किंवा बिनसतं, एवढीच गोष्ट. जमवण्यासारखी माणसं चार-पाच होती. शलाकानं पहिल्या भागापासून प्रत्येक फाट्यावर वामनला निवडलं होतं. वामन दीपगृहातला यंत्रज्ञ. पन्नाशीला टेकलेला, थोडं पोट सुटलेला, बोलताना चष्मा पुसत बसणारा. शेजारी एक देखणा नाविक होता, त्याच्याकडे तिनं ढुंकून बघितलं नाही. दीपगृहावर जाऊ की नावेवर? दीपगृहावर. वामनला खरं सांगू की लपवू? सांगू. त्याचा हात धरू की राहू दे? धरू. टक, टक, टक. का वामन, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं खांदे उडवले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाचवा भाग उघडला.

सुरुवातीला 'मागील भागात' म्हणून चार चित्रं सरकली. तिसऱ्या चित्राखाली एक ओळ होती: 'वामनची बदली झाली.' पुढचं चित्र खिडकीचं होतं.

मग जे सुरू झालं ते बघून शलाकानं कपाळावर हात मारून घेतला. पडदे! सगळा पाचवा भाग पडद्यांचा. पहिल्या भागात खोलीला पडदे कुठल्या रंगाचे हवेत, मोरपंखी की विटकरी, असा एक किरकोळ प्रश्न आला होता, आणि शलाका तिथे अडकली होती. अडकणारच. दुकानात तिचं नेहमी असंच होई. साडी घ्यायला गेली की देवदत्त दुकानाबाहेर जाऊन वर्तमानपत्र वाचून, घडी घालून परत येई. थबकमापकानं ते इमानेइतबारे टिपलं होतं. आता त्या एका काडीला सगळ्या वेलाचा रस मिळाला होता. गावात कापडाची मोठी पेठ उगवली होती. विणकरांचा संप चालला होता. पडदेवाल्याला एक दुःखी भूतकाळ मिळाला होता, रुंद छाती मिळाली होती, आणि दुकानाच्या माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांत त्याच्याबरोबर एक लांबलचक प्रसंग होता, ज्यातली चित्रं, खरं सांगायचं तर, आतापर्यंतच्या चारही भागांपेक्षा सुंदर होती. शलाका कुणी बघत नाही असं पाहून एकटीच हसली.

मग तिला वाटलं, वामन गेला कुठे ते तरी बघू. दीपगृहाचा रस्ता धरला, तर तो रस्ताच नव्हता. तिथे झुडपं होती. ती परत आली आणि घरमालकिणीला विचारलं. घरमालकीण तांदूळ निवडत होती. ती वर बघून म्हणाली, "कोण वामन?"

तेव्हा शलाकाचा तोल जरासा गेला. फार नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेवढंच. पण तिथे पडद्यावर प्रश्न नव्हता, त्यामुळे अंगठीनं ते मोजलं नाही.

शुक्रवारी दुपारी तिघं समोरासमोर बसले. नसरीन मुजावर मध्ये, एका बाजूला शलाका, दुसऱ्या बाजूला बाहुबली, घामाघूम.

शलाकानं दोष सांगायला घेतले. प्रत्येक भागाच्या सुरुवातीचं 'मागील भागात' लांबतं. जिन्याचं तेच चित्र इतक्यांदा येतं की पायऱ्या पाठ होतात. नाविकाला बोलायला दिलंय, पण सांगण्यासारखं काही दिलं नाही. बाहुबली मान डोलवत होता. हे सगळं त्याला अपेक्षितच होतं.

"आणि मुख्य दोष," ती म्हणाली, "हा खेळ थबकणंच तेवढं ओळखतो. मी वामनला प्रत्येक वेळी निवडलं. एकदाही विचार करावा लागला नाही, म्हणून तुम्ही त्याला कापलंत."

"म्हणजे मनापासून निवडत होता तुम्ही?"

शलाकानं हातातला अहवाल खाली ठेवला. मग तिनं खरं ते सांगितलं. "मला माहीत नाही. मनापासून निवडत असेन, तर थबकायचं कारण नव्हतं. आणि मला काहीच वाटत नसेल, तरीही थबकायचं कारण नव्हतं. तुमच्या यंत्राला खात्री आणि बधिरपणा एकसारखेच दिसतात. आणि मलाही."

बाहुबलीनं डोकं खाजवलं. "मॅडम, ह्याला उपाय काय? ज्याची खात्री हाय ते माणूस पटकन करतो. ज्याचं काय पडलेलं न्हाई ते बी पटकनच करतो. बाहेरून ओळखायचं कसं?"

"माणसाला तरी कुठे ओळखता येतं, बाळ?" नसरीनबाई सहज म्हणाल्या. "नवराबायकोंची निम्मी भांडणं त्याचीच असतात. चला, गुण सांग गं शलाका, बिचाऱ्याचा चेहरा बघ."

मग शलाकानं गुण सांगितले आणि ते हातचं न राखता सांगितले. उतारवयाकडे निघालेली शरीरं इतक्या प्रामाणिकपणे कुणी काढलेली नाहीत. जवळिकीच्या प्रसंगांत माणसं बोलतात, अवघडतात, मध्येच हसतात. ती नुसती दाखवायला ठेवलेली नाहीत. बाहुबलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खेळाला दाखला मिळाला. छाटणी सुधारायची, या अटीवर.

पण बसमध्ये बसल्यावर शलाकाच्या डोक्यात नसरीनबाईंचं वाक्य फिरत राहिलं. माणसाला तरी कुठे ओळखता येतं. म्हणजे देवदत्तलाही नाही. आपण 'जा की' म्हणालो, तेव्हा त्यानं काय पाहिलं असेल? जे अंगठीनं पाहिलं तेच. श्वास अडखळला नाही, हात थरथरला नाही, डाव भरून आमटी वाढली. त्याच्या लेखी आपण त्याला तिथेच कापून टाकलं. आणि आजवरची सगळी उत्तरं? कुठे राहायचं, काय घ्यायचं, मूल नको ना, सगळ्याला आपण फटाफट हो म्हणत आलो. एवढी वर्षं त्याला वाटत असेल, हिला कशाचं काही नाही! शलाकानं खिडकीबाहेर बघत स्वतःशी ठरवलं, की त्यानं पुन्हा विचारलं तर यावेळी उत्तर फेकायचं नाही. ज्याला वजन आहे ते वजनदार दिसलं पाहिजे. जे थबकून सांगितलं जातं, तेच समोरच्याला दिसतं.

घरी देवदत्त स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसला होता, मांडीवर कुकरचं झाकण, हातात पेचकस. कुकरची मूठ ढिली झाली होती.

"आज कळवायचंय," तो वर न बघता म्हणाला. "'येतो' म्हणून निरोप लिहून ठेवलाय फोनवर. पाठवला नाही अजून."

"हं."

"त्या दिवशी मी चुकीचा प्रश्न विचारला बहुतेक." त्यानं पेचकस खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. "उलटं विचारतो. थांबू का मी?"

आणि काय सांगावं, 'थांब' हा शब्द तिच्या दातांपर्यंत आला! विचार नाही, हिशेब नाही, कुठून आला ते कळलंसुद्धा नाही. थांब, कुठे जातोस, थांब. म्हणजे होतं! सगळं जागच्या जागी होतं, कुठेही गेलं नव्हतं. ती बधिर नव्हती. तिला फक्त कधी शंका आली नव्हती. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तो शब्द तिनं तोंडातच धरून ठेवला.

ठरवलं होतं तसं. असाच फेकला तर हाही 'जा की'सारखाच जाईल. तिनं ओट्याला हात टेकला. देवदत्तच्या डोळ्यांत बघितलं. एक श्वास घेतला, सोडला, दुसरा घेतला. बाहेर भंगारवाल्याची हाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग तिनं, होता नव्हता तेवढा जीव ओतून, हळू म्हटलं, "थांब."

देवदत्तनं मान खाली घातली आणि पेचकस उचलला.

"विचार करावा लागला तुला," तो म्हणाला.

"अरे नाही, मी..."

"असू दे गं. राग नाही मला." तो खरंच रागावलेला दिसत नव्हता. "लग्नाला हो म्हणालीस तेव्हा माझं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं. मूल नको म्हणालो, तेव्हा शेजारपाजारचे चार महिने मला समजावत होते, आणि तू एका क्षणात म्हणालीस, नको तर नको. म्हणून मी तुला कधी कुठली गोष्ट दोनदा विचारली नाही. 'जा की' म्हणालीस, तेव्हाही मी समजलो, हिची माझ्याबद्दल खात्री आहे, म्हणून हिला भीती नाही. मलाच जावंसं वाटेना. म्हटलं, उलटं विचारू. ही नेहमीसारखी फटकन 'थांब' म्हणेल, आणि मी इथल्या इथे नाही म्हणून कळवून टाकेन."

"मग कळव ना! थांबच म्हणतेय मी!"

"म्हणतेयस. पण बराच वेळ शोधत होतीस."

"मी मुद्दाम थांबले होते, देवदत्त."

अक्षर न अक्षर खरं होतं ते. पण बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं, आणि याहून वाईट असं तिला काही बोलता आलं नसतं.

मग शलाका सांगत सुटली. अंगठीचं सांगितलं, वामनचं सांगितलं, पडद्यांच्या पेठेचं, छाटणीचं, नसरीनबाईंचं. कुठेही न अडखळता, भरभर, एकाला एक जोडून. देवदत्तनं कुकरचा पेच घट्ट केला, झाकण लावून बघितलं, काढलं, आणि शेवटपर्यंत सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकण्यात तो पहिल्यापासून चांगला होता.

"शलाका," तिचं संपल्यावर तो म्हणाला, "आपल्याला हे इतकं समजावून सांगावं लागतंय."

त्यानं ओट्यावरचा फोन घेतला, निरोप एकदा वाचला आणि पाठवला. त्याचं बोट कुठेच थबकलं नाही. ते खात्रीनं, की आता काही वाटतच नव्हतं म्हणून, हे त्याच्याकडे बघून तिला सांगता येईना.